शून्य रुपयांचं तिकीट

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, एकेचाळीस नंबरच्या बसचे कंडक्टर. स्टेशनापासून टेकडीवरच्या सरकारी दवाखान्यापर्यंतचा रस्ता वीस वर्षं त्यांच्या पायाखालचा. प्रवासी निम्मे म्हातारे, मोफत पासवाले. नियम असा, की पासवाल्यालाही मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट द्यायचं. पण थरथरत्या हातांनी कोणी पिशवीत पास शोधू लागलं, की मास्तरांचा जीव खालीवर. "राहू द्या हो आजी, ओळखतो मी. बसा आधी!"

झालं! हा चांगुलपणाच नडला. डेपो मॅनेजरनं एक दिवस बोलावून कागद पुढे सरकवला. यंदा सरकार तिकिटांवरून प्रवासी मोजून पैसा देणार होतं, आणि कागदावर एकेचाळीस नंबर निम्मी रिकामीच धावत होती. महिनाभरात आकडा सुधारला नाही तर बस बंद.

मास्तरांच्या तोंडचं पाणीच पळालं. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारे टेलरकाका ती टेकडी कशी चढणार? दुसऱ्या दिवशी मास्तरांनी भर बसमध्ये कबूल केलं, "चूक माझी. तुम्हाला त्रास नको म्हणून तिकीट दिलं नाही. कागदावर तुम्ही कोणी नाहीच."

"वा रे वा!" खिडकीजवळच्या आजी कडाडल्या. "बसून बसून सीट झिजवली, आणि आम्ही नाहीच?"

सगळी बस हसली. चार दिवसांनी टेलरकाका गठ्ठाच घेऊन आले. उरल्यासुरल्या कापडाच्या, गळ्यात अडकवायच्या छोट्या पिशव्या, प्रत्येकाच्या पासासाठी एक! डायलिसिस करून आलेला माणूस, पण घरी मशीनवर बसून शिवत होता. तेव्हापासून म्हातारे चढतानाच पास पुढे करायचे, "मास्तर, आधी तिकीट!"

बस वाचली. वर दोन फेऱ्या वाढल्या. या माणसांचे उपकार कसे फेडायचे, हे मास्तरांना कळेना. घरी बायकोला सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

पुढं मास्तर निवृत्त झाले, गुडघ्यांनी दगा दिला आणि दवाखान्याची वारी त्यांच्याही नशिबी आली. पहिल्याच दिवशी नव्या कंडक्टरबाई म्हणाल्या, "राहू द्या काका, तुम्हाला कोण ओळखत नाही?"

"ओळखू नकोस गं बाई," मास्तरांनी गळ्यातली पिशवी पुढे केली. "तिकीट दे."

टेलरकाका सरकून बसले होते. "या मास्तर, जागा धरलीय."