पिवळ्या उंदराचा कान

त्याचं नाव मी घेत नाही, घ्यायची गरजही नाही. पिवळा रंग, लांब उभे कान, कानांची टोकं काळी, गालांवर दोन लाल टिकल्या आणि वाकडीतिकडी शेपटी. एवढं सांगितलं की लालबागला मसाला कुटून घ्यायला रांगेत उभी असलेली आजीसुद्धा म्हणेल, "हां, तो आमच्या नातवाच्या दप्तरावरचा!" आमच्या घरात तो दप्तरावर होता, पाण्याच्या बाटलीवर होता, मोज्यांवर होता, आणि लेकीच्या अंगातही होता असं माझं मत. तिसरीतली पोर, पण पावकी-निमकी विचारली तर तोंडाला कुलूप, आणि ह्याच्या सगळ्या भाऊबंदांची नावं तोंडपाठ.

हे खूळ घरात आणलं माझ्या नवऱ्याने. तो नायगावच्या चाळीत वाढला. शेजारच्या खोलीतल्या मुलाचा मामा आखातात होता, त्याने भाच्याला हातात मावणारा व्हिडिओ गेम आणला होता. अख्ख्या मजल्यावरची पोरं गॅलरीत त्या एवढ्याशा पडद्यात डोकी घालून बसायची. नवरा सांगतो, त्या खेळात दीडशेच्या वर प्राणी होते आणि हा त्यातला एक. हिरो-बिरो काही नाही. गवतातून चालताना नशिबात असेल तर भेटायचा. मग टीव्हीवर त्याचं कार्टून आलं आणि त्यात ह्यालाच उचलून एका मुलाच्या खांद्यावर बसवलं, तिथून ह्याचं नशीब उघडलं. चिप्सच्या पाकिटांतून त्याच्या चित्राच्या चकत्या निघायला लागल्या, आणि त्या चकत्यांपायी चाळीतल्या पोरांनी पोटं बिघडवून घेतली. पुढे ती पोरं बाप्ये झाली तेव्हा हा फोनमध्ये आला. दादरला शिवाजी पार्कात चांगली टक्कल पडायला आलेली माणसं फोन नाकासमोर धरून झाडाझाडाखाली फिरत होती, त्यात आमचे हे. "लग्न झालंय आपलं, उंदरं काय पकडत फिरतोस!" मी भर कट्ट्यावर ओरडले होते.

"एवढं आहे तरी काय त्याच्यात?" मी एकदा विचारलं होतं. त्यावर तो म्हणाला, "अगं, त्याला स्वतःच्या नावाशिवाय एक शब्द बोलता येत नाही. त्यामुळे जगात कुठल्याही पोराला वाटतं, हा आपल्याच भाषेतला. आपण बोलायचं, त्याने ऐकायचं." मला काही ते पटलं नाही. सुंदर प्राणी काय कमी आहेत जगात? पण गिरगावच्या केकवाल्याच्या काचेत तोच, दादरच्या फुटपाथवर छत्रीवर तोच, आणि पुढे परळच्या हॉस्पिटलात गेलो तर लहान मुलांच्या विभागाच्या भिंतीवरही तोच.

हॉस्पिटलात गेलो ते नवऱ्यासाठी. जिना चढताना त्याला दम लागायचा. मी म्हणत होते वजन कमी कर, तो म्हणत होता लिफ्ट बंद असते त्याला मी काय करू. तपासण्या झाल्या आणि कळलं की हृदयाची एक झडप नीट उघडतच नाही. छाती उघडून बदलावी लागेल. डॉक्टरांनी तारीख दिली ती नेमकी आमचा दीड दिवसाचा गणपती गेल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

आता माझा स्वभाव सांगते. दुधाने तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात, मी पाणीही फुंकून पिते. त्या महिन्यात तर काय विचारता. मांजर आडवं गेलं की मी थांबत होते. दूध उतू गेलं की देवापुढे दिवा लावत होते. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते काही खोटं नाही. यंदा गणपती नको, असं मी सासऱ्यांना म्हटलं. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबांचं वय झालंय, मूळचे मालवणकडचे, सगळी उमर गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, गेली. त्या खडखडाटाने त्यांचा डावा कान पार गेलाय. त्यामुळे ते स्वतःही गिरणीत असल्यासारखेच बोलतात. "गणपती चुकवूचो नाय!" ते ओरडले. "झिलाचा ऑपरेशन आसा म्हणान तर येवकच होयो!" विषय संपला.

आमच्याकडे रीत अशी की घरचा लाकडी पाट आधीच मूर्तीच्या कारखान्यात नेऊन द्यायचा, म्हणजे आपला बाप्पा आपल्याच पाटावर बसून येतो. चाळ पाडायला घेतली, आम्ही परळला भाड्याच्या जागेत आलो, अर्धं सामान कुठे गेलं पत्ता नाही, पण तो पाट आबांनी स्वतः काखेत मारून आणला होता. तो द्यायला मी लालबागला निघाले तेव्हा लेकीने मागणी केली. बाप्पाच्या पायाशी उंदराच्या जागी तो पिवळा हवा.

"ह्यो खंयचो उंदीर?" आबा कडाडले. "शेपूट बघ त्येचा, चाळीच्या जिन्यासारखा! देवाची मस्करी करतात!"

"आबा, तो माऊसच आहे. गेममध्ये लिहिलंय तसं." लेक शांतपणे म्हणाली. आबांनी कान पुढे केला, तिने परत मोठ्याने सांगितलं. नवरा कॉटवर पडल्यापडल्या हसत होता आणि हसून त्याला धाप लागत होती. ती धाप बघून मी म्हटलं, बाई गं, कर काय करायचं ते, पण ह्याला हसवू नका.

मूर्तिकाराला मी लाजत लाजत सांगितलं. तो काही दचकला नाही. ह्या वर्षी पोरांच्या हट्टापायी असे बरेच केलेत म्हणाला. फक्त एक बजावलं, शाडूची माती आहे, ह्याचे कान लांब आणि बारीक, जपा. झालं! मला तेवढंच पुरे होतं. मूर्ती आणताना टॅक्सीत मी बाप्पाकडे बघतच नव्हते, त्या दोन कानांकडे बघत होते. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वरखाली.

पण मूर्ती सुखरूप आली. चतुर्थीला गुरुजींनी पूजा केली, प्राणप्रतिष्ठा झाली, मोदक झाले. पिवळा आपल्या गालांसकट बाप्पाच्या पायाशी बसला होता, आणि खरं सांगते, शोभत होता. संध्याकाळच्या आरतीला शेजारी आले, टाळ्या वाजल्या, प्रसाद वाटला. नवरा दमला म्हणून आतल्या खोलीत जाऊन पडला. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते. तेवढ्यात बाहेरून एवढासा आवाज आला. खडू मोडतो तसा.

मी धावले. लेक पाटासमोर गुडघ्यावर बसली होती. तिच्या मुठीत काळ्या टोकाचा पिवळा कान.

काय झालं ते सांगावं लागलं नाही. आमच्याकडे उंदराच्या कानात मागणं सांगतात. सार्वजनिक गणपतीला मोठा उंदीर असतो, तिथे मीच तिला शिकवलं होतं की एका कानात सांगायचं आणि त्याचा दुसरा कान हाताने बंद करायचा, नाहीतर आपलं मागणं पलीकडून निघून जातं. तिथले उंदीर असतात दणकट. तिने इथे दुसरा कान दोन बोटांत धरला, आणि जाऊ नये, काही झालं तरी बाहेर जाऊ नये, म्हणून घट्ट दाबला.

"मम्मी, पप्पांचं सांगत होते," ती म्हणाली. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "ते बाहेर गेलं का?"

मी आई. मी लगेच काहीतरी बोलायला हवं होतं. पण माझी नजर त्या मोडक्या कानावरच. देव बसलेला, ऑपरेशन परवावर, आणि बापासाठी मागणं मागतानाच हे मोडावं? मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि डोक्यात एकच, अपशकुन, अपशकुन, अपशकुन. पोरीने माझं तोंड वाचलं. मुलांना वाचता येतं ते.

आबा गॅलरीतून आत आले. त्यांनी कान बघितला, मूर्ती बघितली, आणि मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. तर ते हळूच, म्हणजे त्यांच्या मानाने हळूच, तिच्याजवळ बसले. "काय झाला गो? एक कान गेलो? माजो पण एकच आसा. माका आयकाक येता मां?"

तिने हो म्हणून मान हलवली.

"दोन कानवाल्यांचा काय, हयसून आयकतत, थयसून सोडतत. तुजी मम्मी बघ!" मी तशाही अवस्थेत चिडले. "ह्येका आता भायर सोडूक वाटच नाय. तुजा सगळा आत रवला."

मग त्यांनी गुरुजींना फोन लावला आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारून घेतलं. मूर्तीला धक्का नाही ना, मग चालू द्या, असं गुरुजी म्हणाले. लेकीने एकच सांगितलं, पप्पांना सांगू नका. आम्ही नाही सांगितलं. सकाळी नवरा बाप्पाला नमस्कार करून हॉस्पिटलात भरती व्हायला गेला तेव्हा त्या मोडक्या जागी आबांनी जास्वंदीचं फूल टेकवून ठेवलं होतं.

त्याच संध्याकाळी विसर्जन झालं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. त्या बाकड्यावर मी कशी बसले होते ते लिहीत नाही, जे बसलेत त्यांना ठाऊक आहे. आबांचं म्हणणं लेकीला पटलं असेल, मला नव्हतं पटलं. ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं की मला मातीचा कान दिसायचा. झडप बसली, सगळं ठीक झालं असं डॉक्टरांनी सांगितलं, तरी माझा विश्वास बसेना. मी त्यांना इतक्यांदा "नक्की ना?" विचारलं की शेवटी नर्सने मला पाणी आणून दिलं.

नवऱ्याला वॉर्डात आणल्यावर लेकीला भेटायची परवानगी मिळाली. वाटेत ती खूप बडबडत होती. खोलीत शिरली आणि पलंगापासून लांब, पायांकडे उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागे.

"ये ना," नवरा म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता त्याचा.

"इथूनच बघते."

"का गं? घाबरलीस?"

ती त्याच्या छातीवरच्या पट्टीकडे बघत होती. "माझा हात लागला की मोडतं," ती म्हणाली.

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला काहीच माहीत नव्हतं. एवढे दिवस मी देवाला, डॉक्टरांना, आबांना, सगळ्यांना प्रश्न विचारत होते आणि ही पोर मात्र हात पाठीशी बांधून हिंडत होती. गेले काही दिवस ती रात्री माझ्याही गळ्यात हात टाकत नव्हती, ते मला आत्ता कळत होतं.

त्याने ज्या हाताला सुई नव्हती तो हात चादरीवर उघडा ठेवला. "धर," तो म्हणाला. "दाबून बघ, मोडतोय का."

तिने आधी पाठीमागचे हात सोडले. मग एक पाऊल, मग दुसरं. तिने त्याचं एक बोट धरलं, करंगळी. थोडं दाबलं आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"अजून जोरात."

तिने सगळा हात धरला. दोन्ही हातांनी. ओठ दाबून, सगळा जोर लावून पिळायला लागली, आणि तो म्हणतोय, अजून, अजून. मला राहवलं नाही. "पुरे गं बाई, टाके आहेत त्याला!" मी ओरडले, आणि ओरडता ओरडता रडायलाच लागले. दोघांनी माझ्याकडे बघितलं. तो हसायला लागला, हसल्यावर दुखलं म्हणून त्याने छाती धरायला हात ओढला, पण लेकीने हात सोडला नाही.