आम्ही बँडकडचे!

आवडत्या बँडला लाइव्ह ऐकायला लोक तिकिटं काढून मुंबई-पुण्याला जातात. आमच्या लाडक्या बँडचं तिकीटच निघत नाही, कारण तो फक्त लग्नात वाजतो! सटाण्याकडचा हा बँड आम्ही तिघं कॉलेजपासून मोबाइलवर ऐकतोय. नाव मुद्दाम देत नाही. आधीच त्यांच्या तारखा मिळत नाहीत, त्यात तुमची भर नको.

तिघं म्हणजे मी, जयश्री आणि मिलिंद. जयू मूळची सटाण्याची. तिच्या लग्नाला हाच बँड ठरला होता आणि नेमका लॉकडाऊन लागला. वीस माणसं, तोंडाला मास्क, बँड रद्द. या बँडची क्लॅरिओनेटवरची एक खास चाल आहे. नवरी घरातून मांडवाकडे निघते तेव्हाच ती वाजवतात, एका लग्नात एकदाच. जयूला शाळेत असल्यापासून आपल्या लग्नात तीच हवी होती. मागच्या आठवड्यात नाशकात एका लग्नात वाजंत्री सुरू झाली, तशी ही बाई भरल्या ताटावरून उठली आणि बेसिनपाशी रडत उभी राहिली. मला रडणारी माणसं सहन होत नाहीत. म्हटलं, बास झालं, तुला ती चाल ऐकवतेच.

शनिवारी तिच्या नकळत बँडमास्तरांना फोन केला. त्यांनी सटाण्यापुढच्या एका गावाचं नाव सांगितलं. "कधी आहे?" विचारलं तर म्हणाले, "सकाय शे ताई, सकाय!"

सकाळी तर सकाळी. रविवारी पहाटे पाचला मिलिंदच्या गाडीत बसून आम्ही नाशकातून निघालो. नुसतं "सटाण्याला जाऊन येऊ" एवढंच जयूला सांगितलं होतं. जाणाऱ्यांसाठी सांगते, सोग्रस फाट्यापर्यंत हायवे मस्त आहे. तिथून डावीकडे देवळ्याच्या रस्त्याला लागायचं. भावडबारीचा घाट छोटा आहे, पण वळणांवर कांद्याचे ट्रॅक्टर भेटतात, उगाच हिरोगिरी नको. पेट्रोल-टोल धरून जाऊन-येऊन दोन हजारांत काम होतं. देवळ्याला गरम भजी खाल्ली आणि साडेआठला गावात हजर.

मांडव रिकामा. बँडचा पत्ता नाही. एक माणूस खुर्च्या पुसत होता. जयूनं त्याला अहिराणीत विचारलं आणि माझ्याकडे वळून कमरेवर हात ठेवले.

"लग्न संध्याकाळचं आहे. तुला कोणी सांगितलं सकाळी?"

"मास्तरांनीच! सकाय म्हणाले."

"अगं बये, अहिराणीत सकाय म्हणजे उद्या!"

मिलिंद एवढा हसला की त्याला गाडीला टेकून उभं राहावं लागलं. मी त्याच्यावर खेकसले, पण चूक माझीच होती. शेवटी जयूला सगळं सांगून टाकलं. तिनं माझा हात घट्ट धरला.

तेवढ्यात नवरीची मावशी बाहेर आली. "तुम्ही कोनाकडना शेतस?" लग्नातला सगळ्यात अवघड प्रश्न! नवरीकडचे म्हणावं तर नवरीची मावशीच समोर उभी. मिलिंद छाती काढून म्हणाला, "आम्ही बँडकडचे!"

मावशीनं आम्हाला खालून वर न्याहाळलं. "वाद्यं कुठं आहेत मग?" जयूनं शरमत खरं काय ते सांगितलं. मावशी ऐकत राहिली आणि म्हणाली, "व माय! चला, आधी चहा घ्या."

उरलेला दिवस मजेत गेला. मिलिंदला वाढायला जुंपलं. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी अशी होती की मी लाज सोडून तिसऱ्यांदा घेतली. जयू नवरीच्या, म्हणजे पल्लवीच्या, खोलीत तिच्या केसांत गजरे माळत बसली होती. जाताना अहेर जरूर न्या. आमच्याकडे काहीच नव्हतं, मग मिलिंदनं सटाण्याला जाऊन साडी आणली.

चारला बँड आला. झगमगत्या गाडीवर कीबोर्ड, पुढे ढोल, झांजा आणि मधे पांढऱ्या टोपीतले मास्तर. पहिल्याच ठोक्याला माझ्या अंगावर काटा आला. मी मास्तरांना गाठून जयूची हकिगत सांगितली आणि ती चाल तिच्यासाठी वाजवता का, म्हणून विचारलं. त्यांनी मान हलवली. "नाही ताई. एका लग्नात एकदाच. ती नवरीची असते." तेही बरोबरच होतं. पण माझा चेहरा पडला.

दारात पल्लवी नटून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "मास्तर, एका लग्नात एकदाच ना? मग ताईंचं लग्न वेगळं धरा. आधी त्यांचं लावा, मग माझं!"

मास्तर हसले आणि त्यांनी क्लॅरिओनेट ओठांना लावली. मावशीनं स्वतःची शाल जयूच्या डोक्यावरून पांघरली आणि तिला दारातून मांडवापर्यंत हाताला धरून चालवत नेलं. अख्खा गाव बाजूला झाला. जयू रडत होती, हसत होती आणि मांडवात पोचल्यावर अशी नाचली की ढोलवाले तिच्या तालावर वाजवू लागले. आम्ही जिंकलो होतो! मी तर गळा फाटेस्तोवर ओरडले. मग पल्लवी निघाली, पुन्हा तीच चाल, आणि तिच्यापुढेही आम्हीच नाचलो.

रात्री जयूच्या माहेरी मुक्काम केला आणि सोमवारी सकाळी नाशिक गाठलं. जयूचा नवरा प्रशांत हेल्मेट घालून ऑफिसला निघालेला, पार्किंगमध्येच सापडला. त्याला व्हिडिओ दाखवला आणि बेसिनपाशी ती का रडली तेही मीच सांगितलं. जयूनं सहा वर्षांत त्याला कधी बोलूनच दाखवलं नव्हतं.

त्यानं व्हिडिओ पुन्हा लावला. मग हळूच म्हणाला, "दर लग्नात ही रडते. मला वाटायचं, माझ्याशी लग्न केलं म्हणून."

"येडा आहेस का? बँड नव्हता म्हणून!" जयू ओरडली.

प्रशांतनं बॅग गाडीला अडकवली आणि मोबाइलचा आवाज वाढवला. आजवर एकाही लग्नात न नाचलेला तो माणूस पार्किंगमध्ये हेल्मेटसकट नाचायला लागला.