तारखेचं पान

रेवाच्या गोष्टीच्या पुस्तकात खूण म्हणून कॅलेंडरचं तारखेचं पान घातलेलं होतं. रोज सकाळी भिंतीवरचं पान फाडायचं आणि त्या दिवशी वाचून थांबलो तिथे ते ठेवायचं, ही तिच्या आईची पद्धत.

आई गेल्यापासून रेवा शाळेत जात नाही, घरीच शिकते. तिचा बाबा, आमच्या समोरच्या ब्लॉकमधला महेश, मला म्हणाला होता, "काकू, तुम्ही इतकी वर्षं वाचनालयात होतात. हिच्यासाठी चांगली पुस्तकं सुचवा ना." मुलांना लिहितं करणारी एक वेबसाइट मी आधीच सांगितली होती. आज त्यांच्याकडे गेले तेव्हा पर्समध्ये अकरा पुस्तकांची यादी होती.

आयुष्यभर मी हेच केलं. अबोल मुलाला एक पुस्तक, हट्टी मुलाला दुसरं. मुलाला जवळ घेऊन ते वाचून दाखवणारं माणूस मला कधी सुचवावं लागलं नाही. ते घरात असेलच, असं मी धरून चालले.

महेशने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मुलांनी वाचलेली गोष्ट तिथे आपल्या शब्दांत लिहायची. हात थांबला की वेबसाइट विचारते, "पुढे काय झालं?"

हरवलेली शेळी नदीपर्यंत पोचली, इथवर रेवाने सगळं छान लिहिलं होतं. प्रश्नाखाली एकच ओळ होती. "माहीत नाही. आईने इथपर्यंतच वाचलंय."

रेवाला वाचता येतं. पुस्तक तिच्या मांडीवरच होतं, तारखेचं पान जिथल्या तिथे.

मी पर्स उघडलीच नाही.