टेबलावर एकच डबा

बेहेरेकाका पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले, तेव्हा निघताना त्यांनी आमच्या दाराचं लॅच तीनदा ओढून पाहिलं. आमच्याच दाराचं, आणि आम्ही नवरा-बायको शेजारी उभे असताना. मग म्हणाले, "लागतंय. पण तुम्ही म्हणालात म्हणून मी मानलं नसतं." ब्रिस्टलमध्ये विमानाची इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं इन्स्पेक्टर म्हणून काढली होती. "इन्स्पेक्टर म्हणजे पगारी संशयी माणूस," असं ते स्वतःच सांगत. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, बाकी सगळं चालू राहिलं.

मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामासाठी दोन हजार तीन साली तिथे गेलो. त्यांचं घर आणि आमचं घर यांत एकच भिंत. काकू वारल्या होत्या, मुलगी अनघा कॉव्हेंट्रीला. दर शुक्रवारी संध्याकाळी भिंतीपलीकडून घरघर सुरू व्हायची आणि तीन-तीन तास चालायची. मागच्या बॉक्स रूमचा, म्हणजे अडगळीच्या छोट्या खोलीचा, पडदा कधी उघडा दिसला नाही. एकदा ते घरी नसताना पोस्टमनने त्यांचं पार्सल आमच्याकडे ठेवलं. खोक्यावर वजनकाट्याचं चित्र, मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा. माझी बायको वैशाली म्हणाली, "एवढा बारीक काटा सोनाराला लागतो. आणि दुसऱ्या कोणाला लागतो ते तूच समज." त्याच उन्हाळ्यात लंडनला बॉम्बस्फोट झाले. आमच्यासारख्या वर्णाच्या माणसाने पडदे ओढून काही करावं, असे ते दिवस नव्हते. पोलिसांना कळवावं की नाही, यावर आमची दोन वेळा भांडणं झाली.

तेवढ्यात काकाच एक फॉर्म घेऊन आले. "परचुरे, तुम्ही मला दोन वर्षांवर ओळखता. माझ्या फायरआर्म सर्टिफिकेटचं, म्हणजे बंदुकीच्या परवान्याचं, रिन्यूअल आलंय. माझी हमी द्यायला रेफरी हवाय." वैशालीच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. काकांनी तो पाहिला. "आधी वर येऊन बघा," ते म्हणाले. "न बघता सही केलीत तर ती मला चालणार नाही."

बॉक्स रूममध्ये भिंतीला बोल्टने आवळलेलं पोलादी कपाट होतं, त्यात टार्गेटवर नेम धरायची एक रायफल. कुलूप लावलेली एक लाकडी पेटी होती, त्यात बंदुकीच्या पावडरचे डबे. घरघरणारं यंत्र म्हणजे एक वाडगं होतं. त्यात अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घोळून लख्ख होत होत्या. त्याच पुंगळीत नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, बसवायचा, मोजून पावडर भरायची, वर नवी गोळी दाबायची, की काडतूस पुन्हा तयार. सगळं परवान्यावर, सगळं कायदेशीर. मी विचारलं, "काका, काडतुसं दुकानात मिळतात ना?" ते म्हणाले, "मिळतात. पण ती कोणी तपासली ते दुकानदाराला तरी माहीत आहे का?"

नंतर पोलिसांच्या एन्क्वायरी ऑफिसरचा मला फोन आला. काका चिडखोर आहेत का, पितात का, सगळं विचारलं. "ते फार संशयी आहेत," मी म्हणालो. पलीकडून तो हसला आणि म्हणाला, या छंदात तसेच लोक आम्हाला आवडतात.

त्यानंतर शनिवारी सकाळी मी काकांकडे जाऊन बसू लागलो. खरं सांगायचं तर सुरुवातीला नजर ठेवायलाच जात होतो, पुढे गोडी लागली. काकांचे नियम सोवळ्यातल्या स्वयंपाकासारखे होते. खोलीत फोन नाही, रेडिओ नाही, चहा नाही. डोळ्यांवर चष्मा. प्रत्येक माप छापील पुस्तकातून, आणि पुस्तक पाठ असलं तरी उघडून. काट्यावर आधी ठरलेलं वजन ठेवून काटाच तपासायचा. पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करून प्रत्येकीत टॉर्चने डोकवायचं, पावडर सारख्या उंचीला दिसली तरच गोळी बसवायची. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. "दोन पावडरी दिसायला बहिणी असतात, स्वभावाला नाही," ते म्हणत. "चुकीची गेली तर रायफल तोंडावर फुटते. डोक्यावर विसंबू नका, परचुरे. डोकं नेहमी म्हणतं, ठीक आहे."

असे तीन हिवाळे गेले. चौथ्यात एका शनिवारी मी वर गेलो तर टेबलावर दोन डबे, दोन्हींची झाकणं उघडी. काकांचं भरणं निम्म्यावर आलं होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. तोंड उघडलं आणि मिटलं. पंचाहत्तरीचा माणूस, तीस वर्षांचा इन्स्पेक्टर, त्याला मी काय सांगणार? काही कारण असेल, वडीलधाऱ्यांना टोकायचं कसं. ज्या माणसावर मी काही कारण नसताना दोन वर्षं संशय घेतला, त्याच्यावर कारण समोर दिसत असताना घेतला नाही. आमच्याकडे याला संस्कार म्हणतात.

रात्रभर मला झोप लागली नाही. रविवारी नेमबाजीच्या क्लबच्या रेंजवर त्यांनी डबीतून पहिलं काडतूस उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. "परचुरे, चेहरा का असा केलाय?"

"काका, काल टेबलावर दोन डबे होते."

त्यांनी काडतूस परत डबीत ठेवलं. डबी घेऊन ते गाडीत बसले आणि आम्ही घरी परतलो. वर जाऊन एकेक गोळी उपसून त्यांनी पन्नासही काडतुसं पांढऱ्या कागदावर रिकामी केली. पहिल्या अठरांतून बारीक काड्यांसारखी पावडर पडली. एकोणिसाव्यापासून चपटे दाणे पडायला लागले.

"दुसरा डबा मी कधी काढला?" काकांनी विचारलं. थोड्या वेळाने त्यांनी तोच प्रश्न त्याच सुरात पुन्हा विचारला, आणि मला त्या कागदापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

"तुम्ही काल पाहिलंत," ते म्हणाले. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही मोठे, काका. एवढा अनुभव तुमचा."

"म्हणजे तुम्ही माझ्या अनुभवाला नमस्कार केलात, आणि त्यात माझे डोळे जाणार होते." आवाज चढला नव्हता. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि ते अजूनही तसंच होतं.

त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः पोलिसांना फोन करून रायफल आणि परवाना परत केला. कोणी मागितला नव्हता. मी म्हणालो, "एका चुकीसाठी?" ते म्हणाले, "चूक सापडली म्हणून नाही. मला ती आठवत नाही म्हणून." बॉक्स रूमचा पडदा उघडला, तर आत नुसतं टेबल होतं. वसंतात घर विकून ते अनघाकडे कॉव्हेंट्रीला गेले.

पुढच्या वर्षी एका दुपारी अनघाचा फोन आला. "परचुरेदादा, सॉरी हं, ऑफिसमध्ये आहात का? बाबांचा मेमरी क्लिनिकचा रिपोर्ट आला आहे. ते अ‍ॅक्सेप्टच नाही करत. डॉक्टर रॉंग आहे म्हणतात, मशीन रॉंग आहे म्हणतात. मेडिसिन घेत नाहीत. म्हणतात, परचुरेंना विचार."

फोन काकांच्या हातात गेला. "परचुरे, हे लोक म्हणतात मी विसरतो. तुम्ही मला जवळून पाहिलंय. तुमचं निरीक्षण काय?"

ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. माझ्या वडिलांनाही मी असं काही कधी तोंडावर सांगितलं नव्हतं.

"हो काका, तुम्ही विसरता. त्या दिवशी तुम्ही मला एकच प्रश्न दोनदा विचारलात."

मग लांबून त्यांचा आवाज आला, मुलीशी बोलताना.

"अनघा, त्या गोळ्या आण."