लेकीच्या फोनची रेषा

आमच्या बेकरीत त्यांना सगळे रेषावाले म्हणत. लोक तोंडावर साहेब आणि पाठीमागे रेषावाले. मी मात्र तोंडावरही रेषावालेच म्हणायची, कारण एक तर माझं तोंड फटकळ, आणि दुसरं म्हणजे माल रवाना करायचं काम माझ्याकडे. उद्या कोणत्या दुकानाला किती पाव पाठवायचे तो आकडा ते द्यायचे, ट्रे मी भरून घ्यायची. आकडा चुकला की दुकानदार बोलणार कुणाला? मला. करायचं एकाने आणि निस्तरायचं दुसऱ्याने.

त्यांची पद्धत तशी साधी होती. मागच्या दिवसांची विक्री ठिपक्यांनी कागदावर मांडायची. वार कोणता, थंडी किती, शाळा चालू की बंद, तेही धरायचं. मग सगळ्या ठिपक्यांच्या जमेल तितक्या जवळून जाईल अशी एक रेषा काढायची आणि तीच पुढे ओढायची, की आला उद्याचा आकडा. याला ते रिग्रेशन म्हणत. कॉम्प्युटर हे चुटकीसरशी करायचा, तरी ते प्रत्येक दुकानाचा कागद हाताने काढून भिंतीला लावायचे. माणूस नाकासमोर चालणारा. खोली जिन्याखाली, खिडकी उघडली की समोर भट्टीची भिंत. एक टेबल, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर कागदांचा गठ्ठा असायचा, कारण बसायला कोणी येतच नसे.

बायको जाऊन सहा वर्षं झालेली. एकुलती एक लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. डबा एकटेच खायचे. एकदा मी म्हटलं, "अहो, आमच्यात येऊन बसा की, आम्ही काय चावतो का?" तर म्हणाले, "नको ताई, मी आलो की तुमच्या गप्पा थांबतात." खरंच होतं ते. वाईट वाटलं मला, पण खोटं कशाला सांगू, पुन्हा काही मी बोलावलं नाही.

एके दुपारी मी त्यांच्याशी भांडायलाच गेले होते. दवाखान्याजवळच्या दुकानदाराने सकाळी माझी हजेरी घेतली होती. बसायला म्हणून खुर्चीवरचा गठ्ठा उचलला, तर सगळ्यात खाली एक कागद, त्यावर दुकानाचं नाव नाही. रेषा आपली खाली खाली उतरत चाललेली.

"हे कुठलं दुकान? बुडालं की हे," मी म्हटलं.

"दुकान नाही ते. लेकीचे फोन आहेत."

महिन्याला किती फोन आले, किती मिनिटं बोलणं झालं, सगळं मांडलेलं. ती नोकरीला गेली त्या वर्षी महिन्याला वीसबावीस फोन. आता तीन. "पुढच्या जूनमध्ये शून्याला टेकते," ते म्हणाले. पावांबद्दल बोलावं तसंच म्हणाले. "आतापासून सवय केलेली बरी."

"आणि तुम्ही किती फोन केलेत तिला?"

"मी करत नाही. तिच्यामागे कामं असतात. तिचा आला तरी मी लवकर आवरतो. मागच्या महिन्याची सरासरी चार मिनिटं आली, म्हणून या महिन्यात चार मिनिटं झाली की मीच म्हणतो, बरं, ठेवतो."

कपाळाला हात लावला मी. या माणसाला हसावं की चार शब्द सुनवावेत तेच कळेना. लेकीचं मला काय बोलता येणार, म्हणून सगळा राग दवाखान्याच्या दुकानावर काढला. "चाळीस पाव पाठवता तुम्ही तिथे. नऊ वाजता फळी रिकामी. माणसं परत जातात. आणि उद्याला तुम्ही अडतीस लिहिलेत?"

"विक्रीच घटतेय ताई. काल चाळीसच विकले गेले."

"अहो, पाठवलेच चाळीस तर पंचेचाळीस विकणार कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुम्ही कमी पाठवता, म्हणून कमी खपतं. आणि कमी खपलं म्हणून तुम्ही आणखी कमी पाठवता."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग भिंतीवरच्या कागदाकडे न बघता माझ्या हातातल्या लेकीच्या फोनच्या कागदाकडे बघत राहिले. मी काही बोलले नाही, आणि मी न बोलणं म्हणजे काय ते आमच्या बेकरीत कोणालाही विचारा.

त्यांनी फोन काढला. नंबर शोधायलासुद्धा वेळ लागला. दोन रिंगमध्ये तिकडून आवाज आला, मलाही ऐकू येईल एवढा मोठा.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही."

"मग फोन का केलात?"

"सहज."

"बाबा, खरं सांगा. डॉक्टर काय म्हणाले? जवळ कोणी आहे का? त्यांना द्या फोन."

ते माझ्याकडे बघत राहिले. स्वतःच्या लेकीला स्वतः धडधाकट असल्याचं पटवता येईना त्यांना. फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "बाई, मी इथे त्यांच्याबरोबर काम करते. तुझे बाबा ठणठणीत आहेत. त्यांना तुझ्याशी बोलावंसं वाटलं, बाकी काही नाही."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती रडतेय हे कळलं. "मावशी," ती म्हणाली, "मला वाटायचं, त्यांना माझा फोन नकोसा होतो. म्हणून मीच कमी केले हो. त्यांना सांगा, ठेवू नका म्हणावं."

मी सांगितलं आणि फोन परत दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. तिकडून लेक बोलेना, इकडून हे बोलेनात. आई गेल्यापासून दोघं एकमेकांशी धड बोललेलीच नव्हती, तर आता सुचणार काय? पण फोन कोणीच ठेवला नाही.