खारातल्या सोळा खुंट्या

पुण्याहून निघताना गाडीच्या टपावर पुरुषभर लांबीचा निळा पाइप बांधला होता. तो पाहून आमच्या सोसायटीच्या वॉचमनने वहीत गाडीचा नंबर उतरवून घेतला. त्या सोसायटीत मी एकोणीस वर्षं राहतो.

पालीत चहाला थांबलो. पाइपात काय आहे, असं हॉटेलवाल्याने विचारलं. मी हौशी रेडिओवाला, यात घडीचा खांब आहे, तो उभारून तार ताणायची आणि परदेशातल्या आपल्यासारख्याच रिकामटेकड्यांशी टिकटिक करत बोलायचं, असं मी सविस्तर सांगितलं. त्याने गल्ल्यावरच्या माणसाकडे पाहिलं.

"मोबाइल नाही का तुमच्याकडे?"

मी वळणाआड जाईपर्यंत दोघं रस्त्यावर उभे होते.

प्रश्न रास्तच होता. पण एकशेसाठ मीटरचा पट्टा, म्हणजे आम्हा लोकांच्या नेहमीच्या पट्ट्यांतला सगळ्यात लांब लहरींचा, मला अकरा वर्षं हुलकावणी देत होता. सोसायटीतल्या लिफ्ट, चार्जर आणि दिव्यांच्या माळा मिळून इतका खरखराट करतात, की त्या पट्ट्यावर मला आजवर एकाही जिवंत माणसाने उत्तर दिलेलं नव्हतं. या पट्ट्याला हवी भरपूर तार, खाली खारट ओली जमीन आणि सूर्यास्ताची वेळ. रायगडच्या किनाऱ्यावर तिन्ही फुकट.

आगरदांड्याच्या अलीकडे, खाडीकाठच्या एका खानावळीत उतरलो. मालक रघुनाथभाऊंना जागेचं विचारलं. मागच्या खाराकडे (खाडीला बांध घालून केलेली भातजमीन) त्यांनी हात केला. "भात कापून झालाय. तिकडं कोन इचारतंय?" हे वाक्य म्हणजे परवानगी, असं मी धरलं. माझ्या बहुतेक चुकांची सुरुवात अशी कुणाच्या तरी हात करण्यातून झाली आहे.

खांब उभारला, तार चढवली. तिच्या बुंध्यापासून चोहोबाजूंना सोळा तारा जमिनीवर पसरायच्या असतात, झाडाच्या मुळांसारख्या. प्रत्येकीच्या टोकाला खुंटी ठोकली. कुणी अडखळू नये म्हणून खुंटीला लाल फीत बांधली. गुंडाळताना घोटाळा नको म्हणून फितीवर आकडे घातले. होकायंत्राने दिशा बघून सगळं वहीत उतरवलं, आराखड्यासकट. मग स्वतःवर खूश होऊन जेवायला गेलो.

तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण यांनी मला तासभर अडकवून ठेवलं. परत येतो तर आठ खुंट्या गायब. त्यांच्या आठ तारा मात्र वेटोळी करून बांधाला नीट टेकवलेल्या. तांब्याच्या तारेचा चोर, दुसरं कोण. तो वेटोळी घालून माल मागे का ठेवेल, हा विचार मला शिवला नाही. जेवताना खानावळीसमोरून मोटारसायकलवर गेलेल्या एका माणसाचा संशय आला. तो दोनदा गेला होता. रघुनाथभाऊंचाही आला. भाकरी वाढताना ते फारच आग्रह करत होते. चोराला रंगेहाथ पकडायचं म्हणून बांधाआड दबा धरायला गेलो आणि डावा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला.

त्याच अवस्थेत मला चोर दिसला. साठीची बाई, लुगड्याचा ओचा खुंट्यांनी भरलेला, नववी उपटत होती. मी ओरडलो. ती शांतपणे आली, माझ्या काखेत हात घालून मला उपटलं आणि नवव्या खुंटीशेजारी उभं केलं.

"कुनी धाडला तुला?"

कुणी नाही, म्हटलं. तिचा विश्वास बसेना. तेव्हा मी हुकमी पान काढलं, माझा रेडिओचा सरकारी परवाना. तिने तो उलटसुलट पाहिला, शिक्क्यावर अंगठा फिरवला आणि मी 'तू'चा 'सायब' झालो.

"म्हंजे सरकारचाच हाय सायब."

बांधावर आणखी दोघी-तिघी जमल्या. त्यांच्या बोलण्यातून हळूहळू उलगडलं. बाईचं नाव गुलाबमावशी, आणि मी उभा होतो तो खार तिचा, तिच्याकडे तेवढाच. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या खारात कुणी लाल फितीच्या खुंट्या मारून गेले. कसली मोजणी, विचारलं तर हसले. पावसाळ्यानंतर त्या खाराच्या मालकाकडे सरकारी भूसंपादनाचा कागद आला.

"खुंटी पयली येती, कागद मागनं," गुलाबमावशी म्हणाली. "म्हून मी खुंटी ठेवत न्हाय."

तिने माझी वही मागितली. आकडे, दिशा, आराखडा. माझ्याविरुद्ध याहून भक्कम पुरावा मलाही गोळा करता आला नसता. मी ते पान फाडून तिला दिलं. उरलेल्या खुंट्या स्वतः उपटल्या. तार पडून राहिली तर चालेल, जमिनीत काही ठोकायचं नाही, यावर तोड निघाली. टोकांवर दगड ठेवले. तिने माझा फोन नंबर घेतला, तिथल्या तिथे लावून खरा असल्याची खात्री केली आणि बांधावर बसली. "मी हितंच हाय."

सूर्य टेकला. मी हाक टिकटिकवत राहिलो. अंधारून येता येता खरखरीच्या तळातून बारीक उत्तर आलं. जपान. मी इतक्या घाईने उलट टिकटिकवलं, की स्वतःचंच नाव चुकीचं पाठवलं.

"काय बोल्ला त्यो?" मावशीने विचारलं.

"मी ऐकू येतोय म्हणाला."

"आनि?"

"आणि काही नाही."

तिने आधी तारेकडे, मग माझ्याकडे पाहिलं. माझं काहीतरी बिनसलंय, पण ते मोजणीपैकी नाही, अशी तिची खात्री पटली असावी. उठून घरी गेली. खुंट्या मात्र घेऊन गेली.

पुण्याला आल्यावर मित्रांना हा किस्सा मी चवीने सांगितला. चिखलाच्या जागी सगळे हसायचे. परक्या जमिनीत न विचारता खुंटी ठोकणारा मीच होतो, हे सांगताना मी जरा घाईने पुढे जायचो.

मग महिन्याभराने मावशीचा फोन आला.

"सायब, तीन मानसं आल्यात. तिपाईवर दुर्बीन हाय. लाल फिती बी हायत." ती थांबली. "तुमचीच ना?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

"नाहीत, मावशी."

फोन तसाच चालू राहिला. चालण्याचा आवाज, वाऱ्याची खरखर, मग लांबून तिने त्या तिघांतल्या कुणाला तरी नाव विचारलेलं ऐकू आलं. मी पंखा बंद केला, डोळे मिटले, फोन कानात खुपसला. समोरचा काय सांगत होता ते काही केल्या ऐकू येईना.