पहिल्यांदा नको म्हणायचं असतं

मी फलटण सोडलं त्या सकाळी बाबांच्या खुर्चीत एक पेशंट होता. गाडी दारात, बॅगा टपावर, शेजारीपाजारी गोळा झालेले, आणि बाबा निरोप द्यायला बाहेर आले ते एका हातात ग्लव्ह घालूनच. "पोचलीस की फोन कर," म्हणाले, मोकळ्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं आणि आत वळले. आतून त्या पेशंटने आ वासलेल्या अवस्थेतच मला टाटा केला. आई मात्र गाडी वळेपर्यंत रस्त्यात उभी होती. मला बाबांचा भयंकर राग आला होता. आता मी स्वतः रोज ग्लव्ह चढवते, तेव्हा कळतं की अर्धवट कोरलेला दात तसाच टाकून कुणालाच कुठे जाता येत नाही.

आमचं घर आणि दवाखाना एकच. पुढच्या खोलीत खुर्ची, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक पडदा. कढईतल्या फोडणीचा वास आणि लवंगेच्या तेलाचा वास एकमेकांत मिसळलेले. कुणी फारच भेदरलेलं असलं की आई पडदा सारून बाहेर यायची आणि त्याच्या गावच्या, लेकीसुनांच्या चौकश्या करत बसायची. "आधी माणसाशी बोलायचं, मग दाताशी," असं बाबा म्हणायचे. स्वतः कमी बोलायचे, म्हणून ते खातं आईकडे होतं.

श्रीरंगला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कात नोकरी लागली म्हणून आम्ही इकडे आलो. माझी डेंटिस्टची डिग्री इथे जशीच्या तशी चालेना. इथल्या परीक्षा पास होईपर्यंत मी जवळच्या एका छोट्या गावात डेंटल नर्स म्हणून काम धरलं. कालपर्यंत डॉक्टरीणबाई आणि आज सक्शनची नळी धरून उभी! मनातून मी पार खचले होते. पण नशीब थोर, नळी धरली ती जोन हॉब्डे यांच्या शेजारी. सत्तरीच्या, ताठ, बोलायला तुटक. "मला जोन म्हण," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची माझी जीभ कुठे रेटायला? मनातल्या मनात मी त्यांना जोनबाई म्हणू लागले आणि तोंडाने हाक मारायचंच टाळलं.

ती सर्जरी, म्हणजे इकडच्या भाषेत दवाखाना, त्यांच्या आजोबांची. एडविन हॉब्डे सव्वाशे वर्षांपूर्वी, राणीच्या काळात कॉर्नवॉलहून इथे आले, गावातल्या केमिस्टच्या दुकानात औषधं कुटता कुटता दात उपटायला शिकले आणि मग या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी खुर्ची मांडली. वर कुटुंब राहायचं. जिन्यात त्यांचा फोटो आहे. मिशा अशा दांडग्या, की त्यांचे स्वतःचे दात गावाने कधी पाहिलेच नसावेत. बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांची रांग लागायची आणि आतलं ओरडणं बाहेरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आजीबाई एलेन दिवाणखान्यात जोरजोरात पियानो वाजवायच्या. पोरांनी जिन्यावर पाय न वाजवता चालायचं, पेशंट संपल्याशिवाय जेवायला मागायचं नाही. जोनबाई हे सांगायच्या आणि मला आमचा पडदा आठवायचा. गावाने मात्र एडविनना मरेपर्यंत परकाच म्हटलं. कॉर्नवॉल म्हणजे कुठे सातासमुद्रापार आहे? इंग्लंडचंच एक टोक. हे ऐकून मला जरा धीर यायचा.

पुढे मी परीक्षा पास झाले आणि त्याच सर्जरीत डेंटिस्ट म्हणून उभी राहिले. मग एका दुपारी जोनबाईंनी मला वर चहाला बोलावलं. त्या रिटायर होणार होत्या, मूलबाळ नव्हतं. कप पुढे सरकवता सरकवता त्यांनी विचारलं, "हे सगळं तू चालवशील का?"

त्या पुढच्या खोलीखेरीज मला दुसरं काही नको होतं. आणि मी काय म्हणावं? "नको, नको, माझी कुठे एवढी लायकी!"

तुमच्यापैकी जे इकडे आलेत त्यांच्या लक्षात आलंच असेल. आपल्यात पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. समोरच्याने आग्रह करायचा, आपण आढेवेढे घ्यायचे, मग ताटात पडतं. "लगेच हो म्हणू नये, हावरटासारखं दिसतं," हे आईचं वाक्य माझ्या हाडीमाशी खिळलेलं. मी दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसले. जोनबाई म्हणाल्या, "बरं," आणि बिस्किटांची बशी पुढे केली.

त्याच आठवड्यात इस्टेट एजंट घर बघून गेला. वर फ्लॅट, खाली फ्लॅट करायचा बेत. घरी येऊन मी रडायला लागले तर श्रीरंग, पक्का नागपूरकर, कपाळाला हात लावून म्हणाला, "काहून नको म्हटलंस? अगं, इथे नो म्हणजे नो असतं! त्यांनी तुझा रिस्पेक्ट केला, दॅट्स ऑल. उद्या जा आणि सरळ सांग."

सरळ सांगणं! उभ्या जन्मात मी तोंडाने कधी काही मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जिना चढताना मी एकच वाक्य मनात दहादा घोकलं. दार उघडलं आणि माझ्या तोंडून पहिल्यांदाच नाव निघालं, "जोन, मला सर्जरी हवी आहे. परवाही हवीच होती."

त्या खुर्चीत बसून चक्क खो खो हसल्या. म्हणाल्या, "माझे आजोबा तुझ्यासारखेच. एलेन त्या केमिस्टची मुलगी. हे तिच्यावर जीव टाकत होते, पण परका माणूस म्हणून तोंड उघडेनात. शेवटी तिनेच विचारलं, तुम्ही विचारताय की मी विचारू? ती गप्प राहिली असती, तर मी इथे नसते." त्यांनी तिथूनच एजंटला फोन लावला, घर विकायचं नाही म्हणून. मी त्यांच्या पाया पडले, तेव्हा मात्र त्या घाबरल्या.

जोनबाई आता आमच्याच गल्लीत राहतात आणि माझ्याकडूनच दात तपासून घेतात. या देशाने मला पुष्कळ दिलं, पण सगळ्यात जास्त त्या एका बाईने दिलं, आणि त्याची जाणीव रोज सकाळी सर्जरीचं दार उघडताना होते.

मागच्या हिवाळ्यात फलटणला गेले होते. बाबांनी दवाखाना बंद केलाय, हल्ली ते आईच्या स्वयंपाकघरातच पेपर घेऊन बसतात. आईने विचारलं, "अजून एक पोळी वाढू?"

"हो, वाढ. तूपही घाल."

आईचा हात तसाच थांबला. "बरी आहेस ना गं तू?"

बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. म्हणाले, "वाढ की. घरचं माणूस मागूनच घेतं."